पॅनल घेण्याआधी एक दिवस वर्गात येऊन बसा

प्रति,
आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, सरपंच, तरुण मंडळं, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करून गावच्या शाळेसाठी पैसे पाठवणारी आमची माजी लेकरं यांना,

स.न.वि.वि.

यंदाच्या गॅदरिंगला तुम्ही हात आखडता घेतला नाही. पोरींच्या एकेका गाण्यामागं माईकवर पन्नास, शंभर, पाचशे असे आकडे पुकारले जात होते. ज्यांची सोयाबीन यंदा पाण्यात गेली त्यांनीही खिशात हात घातला. रात्री साडेबाराला ऑफिसातल्या टेबलावर आम्ही नोटा मोजत बसलो तेव्हा सरांचे डोळे भरून आले होते. चार दिवसांनी बैठक झाली आणि ठरलं की शाळा 'स्मार्ट' करायची. पंचाहत्तर इंची टच पॅनल घ्यायचं, कमी पडतील ते ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून घालायचे. कोटेशन व्हॉट्सॲपवर येऊन पडलंसुद्धा. मी एवढंच म्हणाले, की जरा थांबू. त्यावर मागून कुणीतरी बोललं, "मॅडमला नवं शिकायचं जिवावर येतं."

बोलणाऱ्याचा राग नाही. पण ते वाक्य घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक कबूल करते. पाच वर्षांपूर्वी वर्गात जो टीव्ही आला तो मीच मागितला होता. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. फोटोत मी पुढंच उभी आहे. तीन महिने तो चांगला चालला. पोरं टीव्हीबरोबर कविता म्हणायची. हातवारे, ताल, सगळं झकास. बाहेरून कुणी बघितलं तर वाटावं, काय शिकलीत पोरं. एक दिवस कविता चालू असताना मी मुद्दाम आवाज बंद केला. चित्र चालू, आवाज बंद. दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग गप्प. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. तीन महिने मी ज्याला पाठांतर समजत होते ते टीव्हीच्या पाठीमागून चालणं होतं. पुस्तकातली तीच कविता बोट ठेवून वाच म्हटलं, तर निम्म्या पोरांचं बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर.

पुढं श्रावणात एका दुपारी लाईट गेली आणि आली ती दणकून आली. टीव्हीतून करपल्याचा वास. स्टॅबिलायझर कोटेशनमध्ये नव्हता, म्हणून कुणी घेतलाच नव्हता. दुरुस्तीला सात हजार सांगितले. तुम्हाला कल्पना असावी म्हणून सांगते: ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान मंजूर असतं ते २५ हजारांचं. त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्त्या, स्वच्छतेचं सामान, वीजबिल, सगळं बसवायचं. आमचा पट ४३. सात हजार काढायचे कुठून? तेव्हापासून टीव्ही भिंतीवर आहे. तिसरीतल्या एका पोराच्या आईनं जुन्या साडीचं कव्हर शिवून दिलंय, त्यामागं पालीनं घर केलंय. पोरं तिला 'टीव्हीवाली' म्हणतात.

ही गोष्ट आपल्या एकट्याच्या गावाची नाही आणि आजचीही नाही. १९७५ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग देशात झाला होता. सहा राज्यांतली २४०० गावं त्यात होती. आपल्याला लागून असलेल्या कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हाही होता. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी खास कार्यक्रम असायचे. म्हणजे पडद्यावरून शिकवायची कल्पना पन्नास वर्षांची झाली, नातवंडं खेळवायच्या वयाची! पडदा मोठा झाला, पातळ झाला, आता बोटानं चालतो. पोरगं मात्र त्याच्यासमोर तसंच मांडी घालून बसलेलं आहे.

मी मोबाईलच्या, कॉम्प्युटरच्या विरोधात नाही. उलट गेल्या तीन वर्षांत याच वस्तूंनी माझ्या वर्गात जे घडलं ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. कारण त्याला फीत कापायची नव्हती.

दसरा झाला की आपल्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते कारखान्यावर जातात. काही पोरं आईबापाबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ. आजीजवळ राहिलेली एक पोरगी, तिसरीतली. वाचताना जोडाक्षर आलं की थांबायची, आणि थांबली की दिवसभर पुस्तक उघडायची नाही. मी एक दिवस माझ्या फोनचा रेकॉर्डर लावून तिला वाचायला सांगितलं आणि तिलाच ऐकवलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "मॅडम, मी आशी वाचती व्हय?" म्हटलं, पुन्हा वाचायचं का? पाच वेळा वाचलं तिनं. वर्गात मी एखादीला पाच वेळा वाचायला लावलं असतं तर रडली असती.

पाचवं वाचन मी तिच्या आईला पाठवलं. आई तेव्हा कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या फडात. ट्रॅक्टर भरून झाल्यावर रात्री कोपीत बसून तिनं ऐकलं असणार, कारण साडेनऊला तिचा आवाज आला. आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण ती म्हणाली, "मॅडम, ती मधी एका जागी आडली. तिथं काय लिव्हलंय? ते तिला पुन्ना म्हनाया लावा." जे मला पट सांभाळताना ऐकू आलं नसतं ते तिला पावणेतीनशे किलोमीटरवरून ऐकू आलं. पुढं ती पोरगी रोज मधल्या सुट्टीत माझ्या फोनसाठी मागं लागायला लागली. माझ्यासाठी ती कधीच इतकं वाचली नव्हती, आईसाठी वाचली. त्या हंगामात आणखी सहा घरांत असे आवाज जायला लागले. यात एक रुपयाची खरेदी नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. ती सांगितल्याशिवाय पत्र पुढं नेता येणार नाही. पाचवीला मापन आहे, आलेख आहेत. सरांनी आणि मी ठरवलं, की पोरांना पाऊस मोजायला लावायचा. दोन लिटरची सरळ बाटली कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळं केलं, तळाशी खडे घातले, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि बाजूला पट्टी चिकटवली. शाळेजवळ राहणारी दोन पोरं रोज सकाळी साडेआठला जायची. साडेआठलाच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. फोटो काढायचा, आकडा वहीत आणि मग ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर तक्त्यात. महिना झाल्यावर एक बटन दाबलं आणि त्या आकड्यांचे खांब उभे राहिले. पोरांनी आधी तेच खांब चौकटीच्या कागदावर हातानं काढले होते. दोन्ही शेजारी ठेवून बघताना त्यांच्या लक्षात आलं की एका दिवशी लॅपटॉपचा खांब छताला भिडलाय. कुणीतरी ७ ऐवजी ७० टाकले होते. "मशीनला कळना व्हय ह्ये?" एकानं विचारलं. नाही कळत. त्याला आपण देऊ ते खरं वाटतं. हा धडा कुठल्या पुस्तकात होता?

मग एके दिवशी आपल्या बाटलीत ३१ मिलिमीटर आणि फोनवर बघितलं तर आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात ६८. तुम्हा सगळ्यांना या फरकाचा अर्थ पोरांपेक्षा जास्त कळतो. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी म्हटली की पंचनामे. त्या दिवशी आठ-दहा बाप शाळेच्या ओसरीवर वही बघायला आले. एकानं ती वही तहसीलला न्यायची भाषा केली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, ही पोरांची बाटली आहे, सरकारी यंत्र नाही. पण पोरांनी प्रश्न सोडला नाही. मंडळाचं यंत्र नऊ किलोमीटरवर, मग असं कसं? एका आजोबांनी सांगितलं, की पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. आम्ही त्यालाच धरून चार दिवस ढग, वारा आणि अंतर यावर बोललो.

गणितही तिथंच निघालं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं पत्र्याचं छत पोरांनी दोरीनं मोजलं, साठ चौरस मीटर भरलं. ६० गुणिले ३१. एक हजार आठशे साठ लिटर. लिटरचं त्यांना काही वाटलं नाही. मग एका पोरीनं दोनशेनं भागलं आणि ओरडली, "नऊ डराम, मॅडम! नऊ डराम अन् वर थोडं!" उन्हाळ्यात टँकरखाली ड्रमची रांग लावलेल्या पोरीला नऊ ड्रम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत छतावरच्या पाण्याचा विषय कुणी काढला ते आठवा. त्याच पोरीच्या बापानं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडमच्या चार गोष्टींवरून पैशाचा निर्णय कसा घ्यायचा. बरोबर आहे. म्हणून बाहेर काय झालं तेही सांगते. पेरू देशात सरकारनं पोरांना लाखो लॅपटॉप वाटले. नंतर तपासलं तर गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. आपल्या शेजारी गुजरातेत, वडोदऱ्याच्या शाळांत चौथीची पोरं आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक घेऊन गणिताचे खेळ खेळली, तिथं गणित चांगलं सुधारलं. वर्षभरानं मात्र त्यातलं बरंचसं ओसरलं. गुजरातेतच आणखी एका अभ्यासात संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागी ठेवला तेव्हा पोरं मागं पडली, आणि शाळा सुटल्यावर जादा म्हणून ठेवला तेव्हा पुढं गेली. दिल्लीत सहावी ते नववीच्या पोरांवर साडेचार महिने प्रयोग झाला. अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर. तिथला संगणक सातवीच्या पोराला सातवीचंच गणित देत नव्हता, त्याला जिथपर्यंत येतं तिथून सुरू करत होता. फायदा झाला तो बहुधा त्याचा.

डिसले गुरुजींचं नाव बैठकीत दोनदा निघालं. आपल्या शेजारच्या धाराशिवच्या शिवेला लागलेल्या सोलापूर जिल्ह्यातली परितेवाडीची शाळा, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार, सात कोटी. सात कोटी सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण त्यांनी पुस्तकांवर नुसते क्यूआर कोड लावले नाहीत, ज्या पोरांची घरची बोली कन्नड होती त्यांच्यासाठी पुस्तक त्यांच्या भाषेत नेलं. आधी पोराची अडचण सापडली, मग कोड आला. आपण उलटं करतोय. पॅनल आधी ठरलं, अडचण नंतर शोधू.

फोन पोरांच्या हातात नाही असं तर आता नाहीच. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या १४ ते १६ वर्षांच्या पोरांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यातल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला होता, अभ्यासासाठी फोन धरला होता ५७ टक्क्यांनी. फोन चालवायला शिकवायची गरज नाही. तो कशासाठी धरायचा ते घरात कुणी दाखवत नाही आणि शाळेतही कुणी दाखवत नाही, अडतं ते तिथं.

एआयचंही तेच. कोटेशनमध्ये 'एआय सुविधेसह' असं ठळक लिहिलंय, ते तुम्हाला फार आवडलं. पाचवीच्या एका पोरानं दादाच्या फोनवरून 'माझे गाव' हा निबंध लिहून आणला. झुळझुळ वाहणारी नदी, हिरवीगार शेते, गावाच्या मध्यभागी वडाचे झाड, पारावर गप्पा मारणारी वडीलधारी मंडळी. मी तो फाडला नाही. फळ्यावर उतरवला आणि वर्गाला म्हटलं, जे खोटं आहे ते खोडा. नदी खोडली, जानेवारीनंतर तिच्यात वाळूच असते. हिरवीगार खोडलं. वडावर भांडण झालं. "हुता की!" "हुता, पर रस्ता रुंद करताना तोडला." तोही खोडला. शेवटी पारावरची मंडळी तेवढी राहिली आणि त्याखाली पोरांनी आपल्या मनानं अकरा वाक्यं लिहिली. त्यातलं एक होतं: 'आमच्या गावात दसऱ्यानंतर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.' तो फोनवरचा निबंध नसता तर हे वाक्य मला मिळालं नसतं, हेही खरं आहे.

मग पैशाचं काय करायचं?

आमची शाळा दोन शिक्षकी. कायद्यानं साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पहिली ते तिसरी माझ्याकडं, चौथी-पाचवी सरांकडं. मी पहिलीला अक्षरं गिरवायला घेते तेव्हा तिसरी मोकळी असते. 'मोकळी' म्हणजे काय ते वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. एकमेकांच्या दप्तरातल्या चिंचा संपेपर्यंत शांतता, मग नाही. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यावरून परतलेली पोरं येतात, त्यांचं चार-पाच महिन्यांचं बुडालेलं असतं, त्यांना मी कुठं बसवू? एक मोठं पॅनल या सगळ्यांना एकच चित्र दाखवणार. मला चार किंवा पाच टॅब्लेट हवेत, त्यात इंटरनेटशिवाय चालणारं साहित्य हवं, सोबत हेडफोन. म्हणजे मी पहिलीत असताना तिसरीतली दोघं-दोघं आपल्या आपल्या पायरीवर काम करतील, आणि मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसेन. एक इन्व्हर्टर हवा. स्टॅबिलायझर तर हवाच, पाली पुरे झाल्या. आणि जमलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार बँकेत शाळेच्या नावावर तसेच ठेवा, दुरुस्तीसाठी. हा भाग कुणालाच आवडणार नाही. बँकेतल्या पैशासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही.

माझी ही यादीही वेदवाक्य नाही. शेजारच्या गावात सात शिक्षकांची शाळा आहे, प्रत्येक वर्गाला माणूस आहे, तिथं कदाचित पॅनलच कामाचं ठरेल. ते तिथल्या बाईंना विचारा. कंपनीच्या माणसाला नंतर विचारा.

आणखी एक, जरा अवघड. तंत्रज्ञान वर्गात यावं असं म्हणताना आमचा फोन आधीच वर्गात आलेला आहे हे विसरू नका. हजेरी ऑनलाईन, खिचडीची नोंद ऑनलाईन, झाड लावलं फोटो टाका, हात धुतले फोटो टाका. अकरा वाजता पहिलीतलं पोरगं 'ग'ची पाटी दाखवायला येतं तेव्हा माझी मान फोनमध्ये असते आणि ते पोरगं पाटी धरून उभं राहतं. वरची कामं तुम्ही कमी करू शकत नाही, मला माहीत आहे. पण गावातही शाळेच्या ग्रुपवर रोज फोटो मागायची सवय लागली आहे. ती तेवढी सोडा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. आपल्या समितीतही आहेत, कागदावर सह्याही आहेत. पॅनलच्या बैठकीत त्यातली एकही बाई नव्हती. पोरगी रात्री वाचते की नाही, घरातला फोन कुणाच्या हातात असतो, लाईट किती वाजता जाते, हे त्यांना विचारल्याशिवाय काय घ्यायचं ते कसं ठरतं?

म्हणून विनंती एवढीच, की पुढची बैठक ऑफिसात नको, वर्गात घ्या. शाळा चालू असताना. येत्या गुरुवारी या, अकरा ते एक. मागच्या भिंतीला टेकून बसा, मध्ये बोलू नका, पोरांना उत्तरं सांगू नका. मी पहिलीला घेतलं की तिसरीकडं लक्ष ठेवा. आयाबहिणींना घेऊन या, मजुरीचा दिवस असेल तर मला आधी कळवा, वार बदलू. कोटेशनचा कागदही आणा, दोन तास बसल्यावर तो पुन्हा वाचू. त्यानंतरही तुम्हाला पॅनलच योग्य वाटलं तर पहिली सही माझी.

येताना फोन चार्ज करून या. वर्गात एकच बटन चालू आहे आणि तिथं लॅपटॉप लावलेला असतो.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतली शिक्षिका,
बीड जिल्हा